चंपाच्या खांद्यामागचा खड्डा

उजवा हात कानापर्यंत आला आणि तिथेच अडकला. चंपा तांबेने पुन्हा जोर लावून पाहिला. सत्तावीस नंबरच्या खाटेवरच्या आजींना एक्स-रेला न्यायचं होतं. त्यांची सलाइनची बाटली स्टँडवरून काढून ट्रॉलीच्या दांडीला लावायची, एवढंच काम. एकोणीस वर्षांच्या नोकरीत तिने ते डोळे मिटून केलं असतं. पण आज खांद्यातून अशी कळ निघाली, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय झालं गं मावशी?" आजींनी विचारलं.

"काय नाय आजी. तुम्हाला उचलायचंय ना, म्हणून ताकद वाचवते," चंपा म्हणाली आणि डाव्या हाताने बाटली काढली.

परळच्या त्या मोठ्या हॉस्पिटलात चंपाला नावाने हाक मारणारं फारसं कोणी नव्हतं. आयाबाई म्हणजे मावशी, मग ती बावीसची असो की एक्केचाळीसची. आईसुद्धा याच हॉस्पिटलात आया होती. ती नोकरीत असतानाच वारली आणि तिच्या जागी चंपा लागली. मावशीपणही तिला आईकडून वारशानेच मिळालं म्हणायचं. नाव होतं ते मैदानावर. हॉस्पिटलच्या बायकांची व्हॉलीबॉलची टीम होती आणि दरवर्षी महापालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या स्पर्धेत उतरायची. किचनमधली ललिता लिफ्टर. तिने बॉल उंच उचलून दिला की "चंपे, घे!" अशी आरोळी यायची आणि मग जो स्मॅश बसायचा, त्यापुढे पलीकडच्या बायका हात आखडून घ्यायच्या. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं.

खेळ तिला वडिलांनी शिकवला. रामजी तांबे एके काळी मिलच्या टीमचे खेळाडू. चंपाचं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीत आणि सासरही दोन चाळी सोडून पलीकडे. त्यामुळे लग्नानंतर बदलण्यासारखं फक्त नाव होतं, आणि तेही तिने बदललं नाही. नवरा जयवंत बेस्टमध्ये ड्रायव्हर. लग्न ठरताना त्याला एकच अट घातली होती, रविवारी सकाळी बायको मैदानावर असेल. तो म्हणाला होता, "चालेल, मला पण झोपायला मिळेल." आता दोन्ही घरं नव्या टॉवरमध्ये गेली होती. आई गेल्यापासून रामजी लेकीकडेच राहत. ते लिफ्टने खाली उतरून मैदानाच्या कडेच्या बाकावर येऊन बसत. तिच्या लहानपणी ते डाव्या हाताने बॉल उडवून देत आणि चंपा उड्या मारमारून मारत असे. शहात्तराव्या वर्षीही बाकावरून त्यांची सूचना चालूच असे, "कोपर उंच! कोपर!"

खांदा दुखायला लागून खरं तर आठ महिने झाले होते. आधी फक्त खेळल्यावर दुखायचा, मग केस बांधताना, मग कुशीवर झोपताना. खांदेदुखीवर औषध सांगणार नाही असा माणूस मुंबईत सापडणं कठीण. शेजारणीने तेल दिलं. एका हाडवैद्याने हात असा काही पिळला, की पुढचे चार दिवस भाकरी जयवंतने थापल्या. म्हणजे पाव आणले. ललिताच्या जावेला फ्रोझन शोल्डर झाला होता, म्हणून ललिताने निदानच करून टाकलं. "चाळिशी उलटली की होतंच गं चंपे. आता तू बाहेर बसून आम्हाला ओरड."

हे बोलणं चंपाच्या खांद्यापेक्षा जास्त लागलं. डिसेंबर अर्धा संपला होता आणि स्पर्धा एप्रिलच्या शेवटी होती. ती गप्प बसून गोळ्या घेत राहिली. एक गोळी ड्यूटीला, एक मैदानाला.

गंमत अशी, की ती रोज दोन-तीन पेशंट फिजिओथेरपीच्या विभागात नेऊन सोडत होती. तळमजल्यावरची ती लांब खोली, भिंतीवरची शिडी, कप्पी, रंगीत रबरी पट्टे, सगळं तिला पाठ होतं. पण ते पेशंटसाठी. आपणही तिथल्या खुर्चीवर बसू शकतो, हे काही तिच्या मनात आलं नाही.

त्या दिवशी आजींना एक्स-रेहून ती तशीच फिजिओथेरपीला घेऊन गेली. आत जाताना पडदा सरकवायला हात वर केला आणि तोंडातून "आई गं" निघालं. टेबलापाशी तिथल्या फिजिओथेरपिस्ट फ्लॅविया मॅडम बसल्या होत्या. गिरगावच्या ख्रिश्चन वाडीतल्या, तिशीच्या, आवाज जरा मोठा.

"मावशी, पडदा एवढा जड आहे का?"

"नाय मॅडम, जरा खांदा धरलाय."

"किती दिवस झाले?"

"झाले असतील आठ..."

"दिवस?"

"महिने."

फ्लॅवियाने पेन खाली ठेवलं. "आजींना मी बघते. तुम्ही साडेतीनला या. आला नाहीत तर मी वर येईन, आणि सगळ्या वॉर्डासमोर तपासेन."

चंपा आली. फ्लॅवियाने तिचं कोपर कमरेला टेकवून हात स्वतः बाहेरच्या बाजूला वळवला. तो सहज पूर्ण वळला. "हे बघा, फ्रोझन शोल्डर नाही. तो असता तर मलाही वळवता आला नसता. आता तुम्ही माझ्या हाताला बाहेर ढकला." डाव्या हाताने चंपाने तिला जवळजवळ खुर्चीतून हलवलं. उजव्या हाताला काही जोरच येईना. चंपाला आश्चर्य वाटलं. या हाताने ती बायकांना हात आखडायला लावायची, आणि तो एका बोटाने अडवता येत होता.

"मावशी, काय खेळता का तुम्ही?"

"व्हॉलीबॉल. तुम्हाला कसं कळलं?"

फ्लॅवियाने पडद्याआड तिची पाठ पाहिली आणि मग चंपाच्याच मोबाइलवर फोटो काढून तिच्या हातात दिला. चंपाने आपली पाठ अशी कधी पाहिलीच नव्हती. डाव्या खांद्याचं पातं भरलेलं होतं. उजव्या पात्यावर मात्र वाटीने मऊ भात दाबावा तसा खड्डा पडला होता.

वॉर्डात एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला वाईट गोष्टी आधी सुचतात. "मॅडम, गाठीबिठीचं तर काही..."

"घाबरू नका. उलट इथे स्नायू वाळलाय." फ्लॅवियाने भिंतीवरचा सांगाडा ओढून आणला. "खांद्याच्या पात्यावरून एक नस जाते, इथे, या हाडाच्या वळणावरून. ती या मागच्या स्नायूला चालवते. व्हॉलीबॉलवाल्यांचा हात वर्षानुवर्षं झटक्याने पुढे जातो, तेव्हा ती नस ताणली जाते. हळूहळू स्नायू वाळतो. आणि तो वाळताना बऱ्याचदा दुखतसुद्धा नाही, म्हणून कळत नाही."

"मग माझं दुखतंय ते?"

"मघाशी म्हणालात ना, तुमचे मिस्टर ड्रायव्हर आहेत? स्मॅश मारल्यावर हात थांबवायला ब्रेक लागतो. तो ब्रेक म्हणजे हा स्नायू. तो कमी पडतोय, म्हणून बाकीचे आजूबाजूचे स्नायू ओढून धरतात. ते थकलेत. ते दुखतंय."

चंपाला हे एका क्षणात कळलं. पुढचा प्रश्न विचारायला मात्र तिला वेळ लागला. "खेळ बंद करायचा का?"

"आधी डॉक्टरांना दाखवू, नसेवर काही दाबत नाही ना ते बघू. मग ठरवू. पण आजपासून स्मॅश बंद."

हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआय आणि नसेची तपासणी करून घेतली. नसेवर गाठ नव्हती, आतलं काही फाटलेलं नव्हतं. ऑपरेशन नको, व्यायाम करा, तीन-चार महिने लागतील, असं त्यांनी लिहून दिलं.

चंपाला वाटलं होतं, मशीन लावतील, शेक देतील. फ्लॅवियाने तिच्या हातात लाल रबरी पट्टा दिला आणि काखेत टॉवेलची गुंडाळी धरायला लावली. पट्टा खिडकीच्या गजाला बांधायचा, कोपर अंगाला चिकटवायचं आणि हात बाहेर ओढायचा. ओढायचा लवकर, सोडायचा मात्र हळू, चार अंक मोजत. मग डाव्या कुशीवर झोपून पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली उचलायची. मग भिंतीला तळवे टेकून पाती मागेपुढे. आणि शेवटी उठाबशा.

"खांदा दुखतोय माझा, नि तुम्ही मला उठाबशा काढायला लावताय? शाळेत पण एवढ्या काढल्या नाय."

"स्मॅशची ताकद कुठून येते मावशी? खांद्यातून? पायातून येते, कमरेतून येते, खांदा फक्त पुढे देतो. पाय आळशी झाले की खांद्यावर ओव्हरटाइम पडतो."

दुखण्यालाही तिने मार्क द्यायला शिकवलं. दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते खाली यायला हवं. नाही आलं, तर कालचा व्यायाम जास्त झाला असं समजायचं. आणि वॉर्डात पेशंटला एकटीने काखेत धरून उचलणं बंद. खाली चादर घालायची, दोघींनी मिळून सरकवायचं. चंपा इतकी वर्षं एकटीच उचलायची, कारण दुसरीला हाक मारेपर्यंत काम होऊन जायचं. आता हाक मारायला लागली, तर कळलं, की हाक मारली की माणसं येतात.

चौथ्या आठवड्यात केस बांधता येऊ लागले. पाचव्यात ती उजव्या कुशीवर झोपली. आणि मग व्हायचं तेच झालं.

रविवारी मैदानावर ती नुसती बघायला गेली होती. टीममध्ये अक्षता नावाची नवी नर्स आली होती, चोवीस वर्षांची, उंच, पण बॉल नेटमध्ये मारत होती. "अशी नाय गं, थांब, दाखवते," म्हणून चंपा आत उतरली. एक मारला. दुखलं नाही. मग दुसरा. ललिता उचलत गेली, ही मारत गेली. तीस-चाळीस तरी मारले असतील. बाकावरून रामजी टाळ्या वाजवत होते.

सोमवारी तिला ब्लाउजच्या बाहीत हात घालता येईना.

आठवडाभर ती फिजिओथेरपीच्या दाराकडे फिरकली नाही. पेशंट न्यायचे झाले, तर दुसऱ्या मावशीला पाठवायची. शुक्रवारी फ्लॅविया खरंच वर आली. वॉर्डासमोर नाही, कपड्यांच्या कपाटामागे तिला गाठलं.

"किती मारले?"

चंपाने मान खाली घातली. "चाळीसेक."

"दुखण्याचे मार्क?"

"आठ. आता पाच."

फ्लॅविया चिडेल असं तिला वाटलं होतं. ती कपाटाला टेकली. "चूक माझी पण आहे. स्मॅश बंद एवढंच सांगितलं, परत कधी आणि किती ते सांगितलं नाही. खेळणाऱ्या माणसाला तारीख दिली नाही, की तो स्वतःच काढतो. पण मावशी, माझ्यापासून लपवू नका. लपवलंत तर मी अंधारात गोळ्या मारणार." मग तिने विचारलं, "रविवारी किती वाजता असता? मला बघायचंय तुम्ही कशा मारता ते. मी आयुष्यात व्हॉलीबॉल खेळलेली नाही."

रविवारी प्रार्थना आटोपून ती थेट वरळीला आली, चर्चच्या कपड्यांतच. चंपाने बॉलशिवाय नुसती अ‍ॅक्शन करून दाखवली, फ्लॅवियाने मोबाइलवर तिचं चित्रण केलं. बाकाकडे आलेले बॉल परत देता देता रामजींचं चाललंच होतं. "आमच्या टायमाला कुठे होते पट्टे नि बाटल्या? दुखलं तर माती लावायची नि खेळायचं."

"आप्पा, तुम्ही कुठल्या हाताने मारायचात?" फ्लॅवियाने विचारलं.

"उजव्या. एक नंबर स्मॅशर होतो."

"मग मघापासून बॉल डाव्याने का परत देताय?"

रामजींनी हातातला बॉल खाली ठेवला. चंपालाही पहिल्यांदाच प्रश्न पडला. लहानपणापासून आप्पा डाव्याने बॉल उडवत, ती त्यांची स्टाइल असं तिला वाटायचं. फ्लॅविया त्यांच्याजवळ जाऊन बसली, परवानगी विचारून सदऱ्याच्या आत मागून हात घातला. खड्डा होता. त्याच जागी, लेकीपेक्षा खोल.

"संपात मिल गेली, म्हणून तुम्ही खेळ सोडलात ना?" चंपाने विचारलं. घरात हीच गोष्ट सांगितली जात होती.

रामजींनी सदरा सारखा केला. "संपाच्या आधी वर्षभर हात गेला होता. वर जायचाच नाही. टीममधून मला बसवलं होतं. तुझ्या आईला पण सांगितलं नव्हतं. मग संप आला, सगळ्यांचंच सगळं गेलं. मला वाटलं, बरं झालं, सांगायला कारण मिळालं." ते जरा हसले. "तुझा हात चालायचा तेव्हा वाटायचं, माझाच चालतोय. परवा तू चाळीस मारलेस ना, मीच टाळ्या वाजवून तुला भरीला घातलं."

चंपा बाकावर त्यांच्या शेजारी बसली. फ्लॅविया म्हणाली, "आप्पा, चाळीस वर्षांपूर्वीचं परत आणून देईन असं मी म्हणणार नाही. पण हात आज जातो त्याच्यापेक्षा थोडा वर नक्की जाईल. बुधवारी केसपेपर काढून या."

"या वयात?"

"लेकीबरोबर या. तिच्यावर नजर ठेवायला मला माणूस हवाच आहे."

त्यानंतर बापलेक बुधवारी शेजारीशेजारी पट्टे ओढू लागली. रामजींना हिरवा पट्टा हवा होता, कारण लाल सोपा असतो हे त्यांनी हेरलं होतं. फ्लॅवियाने दिला नाही.

चंपाला मात्र तारखा मिळाल्या. दोन आठवडे परत नुसते व्यायाम. मग एक दिवसाआड पंधरा बॉल, तेही भिंतीवर, अर्ध्या ताकदीने. मग नेटवर वीस. दर आठवड्याला पाचच वाढवायचे, आणि सकाळी मार्क चारच्या वर गेले तर पुन्हा मागे. बॉल मोजायचं काम रामजींनी घेतलं आणि ते इतक्या कडकपणे केलं, की सोळाव्या बॉलला ते काठी आडवी धरत. चित्रण पाहून फ्लॅवियाला आणखी एक दिसलं होतं. चंपाची तरंगती सर्व्हिस, जिच्यात बॉलला टोला देऊन हात एकदम थांबवायचा असतो, ती त्या नसेला सगळ्यात जड जात होती. ती सोडावी लागली. पंधरा वर्षांची सवय मोडताना चंपा दोन दिवस चिडचिडी झाली होती. मग खालून सर्व्हिस करायला शिकली आणि ती कोपऱ्यात टाकायला लागली.

आणि अक्षताला ती शिकवू लागली, नुसतं बोलून. स्वतः मारून दाखवायची मुभा नव्हती, त्यामुळे शब्द शोधावे लागले. कोपर कुठे, पाय कधी, उडी कशी. पंधरा वर्षं आपण काय करत होतो, हे चंपाला सांगता सांगताच कळत गेलं.

स्पर्धा दादरच्या एका मैदानावर झाली. फ्लॅवियाने एका मॅचला तीस स्मॅशची परवानगी दिली होती. उपांत्य फेरीत तिसऱ्या सेटला दोन्ही टीम चौदा-चौदावर आल्या, तेव्हा चंपाचे अठ्ठावीस झाले होते. पलीकडच्या टीमला ती जुनी ओळखीची. तिच्याकडे बॉल जाणार हे त्यांना माहीत होतं. ललिताच्या हातात बॉल आला. "चंपे, घे!" ती ओरडली. चंपा धावली, उडाली, हात उगारला. पलीकडच्या दोघी तिच्यासमोर भिंतीसारख्या उभ्या राहिल्या. आणि ललिताने बॉल डोक्यावरून मागे दिला. तिथे अक्षता एकटी होती. समोर कोणी नाही. तिने नेटमध्ये नाही मारला. पुढची सर्व्हिस चंपाची होती, तिने खालून कोपऱ्यात टाकली. ती कोणाला परत देता आली नाही.

फायनल त्या हरल्या, सरळ दोन सेटमध्ये. समोरच्या अग्निशमन दलाच्या मुली होत्या, त्यांच्यापुढे हरण्यात लाज नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चंपा उठली, खांद्याला मार्क दिले, दोन, आणि वेणी घालून सात वाजताच्या ड्यूटीला गेली.

चार महिने पुरे झाल्यावर फ्लॅवियाने पुन्हा ताकद मोजली. उजवा हात डाव्याच्या जवळपास आला होता. फोटोही काढला. खड्डा होता तिथेच होता, कदाचित केसभर भरला असेल. "हा पूर्ण भरेल असं मी सांगत नाही मावशी. नस हळू सुधारते, कधी अर्धीच सुधारते. पण बाकीच्यांनी त्याचं काम वाटून घेतलंय."

"असू दे मॅडम. मला कुठे दिसतोय तो," चंपा म्हणाली. "वॉर्डातल्या मनूची कंबर धरलीय. तिला आणू का?"

मनू आली. तिच्यामागून मान दुखणारी एक आया आली, मनगट दुखणारी दुसरी आली. विभागात एवढी जागा नव्हती, म्हणून ड्यूटी बदलायच्या आधीची पंधरा मिनिटं कपड्यांच्या कपाटामागच्या बोळात व्यायाम सुरू झाला. शिकवायची चंपा. फ्लॅविया आठवड्यातून एकदा येऊन चुका काढायची. पहिल्या सोमवारी पाच बायका गजाला पट्टे बांधून उभ्या असताना इन्चार्ज सिस्टर हेलन तिथे येऊन थडकल्या. त्या कडक म्हणून प्रसिद्ध. सगळ्यांचे हात तिथल्या तिथे थांबले.

"हे काय चाललंय बोळात?"

चंपाने सांगितलं. सिस्टरनी घड्याळ पाहिलं, बोळाच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं, मग हातातलं रजिस्टर कपाटावर ठेवलं.

"माझा डावा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तो पट्टा इकडे दे. किती वेळा करायचं?"